किनाऱ्यावर वाट पाहणारी माणसे



जुलै महिना आहे आणि समुद्र खवळलेला आहे. आपल्या कोळी बांधवांच्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या आहेत, फाटलेली जाळी दुरुस्त करण्याचे काम घराघरांत चालले आहे. रविवारी संध्याकाळी लाटा पाहायला माणसांची गर्दी होते. दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर एखादा तरुण पाण्यात उतरतो आणि परत येत नाही. अशा घरी प्रार्थनेला गेलो की बोलायला शब्द सापडत नाहीत. आई एकाच ठिकाणी नजर लावून बसलेली असते. तिच्यासमोर 'देवाची इच्छा' असे म्हणायला जीभ धजत नाही.

या दिवसांत आम्हाला एका पोहणाऱ्याची आठवण येते. तो आपल्या देशाचा नव्हता, आपल्या काळाचाही नव्हता. २४ जुलै १८८३ या दिवशी वयाच्या ३५व्या वर्षी तो पाण्यात गेला आणि परतला नाही. मागे तरुण पत्नी आणि दोन लहान मुले राहिली. त्याचे नाव कॅप्टन मॅथ्यू वेब. मॅथ्यू म्हणजे आपला मत्तय. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधली इंग्लिश खाडी कोणत्याही कृत्रिम साधनाविना पोहून ओलांडणारा पहिला माणूस म्हणून जग त्यांना ओळखते. आज आपण त्यांचा विक्रम थोडा बाजूला ठेवू आणि नवरा व बाप असलेल्या माणसाकडे पाहू. त्यांच्या जीवनातून आपल्या घरांसाठी काही शिकण्यासारखे आहे, असे आम्हाला वाटते.

पाण्यात वाढलेला मुलगा

वेब यांचा जन्म १८४८ साली इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात, डॉली या गावी झाला. वडील डॉक्टर होते आणि घर मुलाबाळांनी भरलेले होते. जवळून वाहणाऱ्या सेव्हर्न नदीत हा मुलगा पोहायला शिकला. लहानपणीच त्याने या नदीत बुडणाऱ्या आपल्या भावाला वाचवले. पुढे तो जहाजावरच्या शिक्षणासाठी गेला आणि व्यापारी जहाजांवर नोकरी करू लागला. आपल्यापैकी ज्यांच्या घरातले कोणी 'शिपवर' आहे, त्यांना हे जीवन नव्याने सांगायला नको.

१८७३ साली 'रशिया' नावाचे जहाज न्यूयॉर्कहून लिव्हरपूलकडे येत असताना एक खलाशी अटलांटिक महासागरात पडला. वेब यांनी मागचा-पुढचा विचार न करता थंडगार पाण्यात उडी घेतली. खूप शोधले, पण तो खलाशी सापडला नाही. वेब यांनाच मोठ्या कष्टाने वर घेण्यात आले. ज्याच्यासाठी उडी मारली तो वाचला नव्हता, तरीही इंग्लंडमध्ये त्यांचा मोठा सन्मान झाला. शौर्यासाठी दिले जाणारे पहिले स्टॅनहोप पदक त्यांना मिळाले. यश हाती आले नाही, तरी प्रेम वाया गेले नाही, हे त्या लोकांनी ओळखले. बंधू-भगिनींनो, ही उडी लक्षात ठेवू या. तिच्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

एकवीस तास पंचेचाळीस मिनिटे

इंग्लिश खाडी पोहून जाण्याचा कोणाचा तरी प्रयत्न फसला, ही बातमी वेब यांनी वाचली आणि त्यांच्या मनाने ते काम घेतले. तेव्हा ते 'एमराल्ड' नावाच्या जहाजाचे कप्तान होते. नोकरी सोडून त्यांनी सराव सुरू केला. १२ ऑगस्ट १८७५ रोजी पहिला प्रयत्न झाला. वारा आणि लाटा यांच्यापुढे त्यांना माघार घ्यावी लागली. ते मुकाट्याने होडीत परत आले. यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

बारा दिवसांनी, २४ ऑगस्टला दुपारी, डोव्हर बंदराच्या धक्क्यावरून त्यांनी पुन्हा उडी घेतली. अंगाला पॉरपॉइज या समुद्री प्राण्याच्या चरबीचे तेल चोळले होते. सोबत तीन होड्या होत्या. होडीतले साथीदार त्यांना अधूनमधून गरम कॉफी, मांसाचा रस आणि थोडी ब्रँडी देत होते. जेलीफिशने डंख केला, तेव्हाही ही माणसे जवळ होती. फ्रान्सचा किनारा समोर दिसू लागला, पण भरती-ओहोटीचा प्रवाह आडवा आला. सुमारे पाच तास किनारा तिथेच आणि पोहणारा तिथेच, अशी अवस्था झाली. सरळ रेषेत जी खाडी साधारण ३३ किलोमीटर आहे, ती ओलांडताना प्रवाहाने त्यांना नागमोडी नेले आणि अंतर जवळजवळ दुप्पट झाले. अखेर २५ ऑगस्टच्या सकाळी त्यांचे पाय कॅलेच्या वाळूला लागले. पाण्यात उतरून २१ तास ४५ मिनिटे झाली होती. त्यानंतर हे काम दुसऱ्या माणसाला जमायला १९११ साल उजाडले.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. पोहायचे ते वेब यांनीच पोहायचे होते. होडीतल्या माणसांनी त्यांना उचलून नेले असते, तर ते खाडी ओलांडणे ठरले नसते. तरीही त्या होड्या नसत्या, तर वेब रात्रीच्या अंधारात दिशा चुकले असते. आपल्या जीवनातही असेच असते. आपले हातपाय आपल्यालाच मारावे लागतात, पण शेजारून कोणीतरी चालत असते. पती-पत्नी एकमेकांसाठी अशीच होडी असतात. आईवडील मुलांसाठी असतात आणि पुढे मुले म्हाताऱ्या आईवडिलांसाठी असतात. आणि आपण डोळ्यांनी पाहू शकत नसलो, तरी प्रभू सगळ्यांच्या जवळ असतो.

संसार आणि नायगारा

या पराक्रमानंतर वेब यांचे नाव घराघरांत पोहोचले. काडेपेटीवरदेखील त्यांचे चित्र छापले गेले. १८८० साली त्यांनी मॅडेलिन यांच्याशी विवाह केला. त्यांना दोन मुले झाली. आता पोहणाऱ्याला संसार चालवायचा होता, आणि त्यांना येत होते ते पोहणे. त्यांनी पैजा लावून शर्यती केल्या. तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर ते टाकीतल्या पाण्यात दिवसेंदिवस तरंगत राहिले. ज्या माणसाला मोकळ्या पाण्याची ओढ, तो चार भिंतींतल्या पाण्यात पैशासाठी तरंगत होता. हळूहळू प्रकृती ढासळू लागली, लोकांचे कुतूहलही ओसरू लागले.

मग त्यांनी ठरवले, नायगाराच्या धबधब्याखालचा खळाळ पोहून जायचे. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवर चार प्रचंड सरोवरांचे पाणी एका अरुंद दरीतून उसळत जाते आणि पुढे एका मोठ्या भोवऱ्यात गरगरते. त्या पाण्यातून पोहणे म्हणजे मरण, असे जाणकार सांगत होते. पण यातून मोठी रक्कम हाती येईल आणि घरच्यांची कायमची तरतूद होईल, अशी त्यांना आशा होती, असे त्यांच्याविषयी लिहिणारे सांगतात.

२४ जुलै १८८३ रोजी दुपारी एका नावाड्याने त्यांना नदीच्या मध्यावर नेले. वेब यांनी पाण्यात उडी घेतली आणि होडी मागे फिरली. त्या पाण्यात कोणतीही होडी त्यांच्यासोबत जाऊ शकत नव्हती. वरून लोक पाहत होते. काही वेळ ते दिसले, मग दिसेनासे झाले. चार दिवसांनी खालच्या बाजूला त्यांचा देह सापडला. नायगाराजवळच्याच दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली.

लग्नाला तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती.

हाक कोणाची होती?

या माणसाचा न्याय करण्याचा अधिकार आपल्याला नाही. तो देवाच्या हाती आहे. आम्हाला तर त्यांच्याविषयी माया वाटते. त्यांनी कोणाचे वाईट केले नाही. जे केले ते प्रेमापोटी केले. पण प्रेमापोटी केलेली प्रत्येक गोष्ट प्रेमाच्या माणसांच्या हिताची असतेच असे नाही, हे कटू सत्य त्यांच्या मरणाने आपल्यासमोर ठेवले आहे.

अटलांटिकमधली उडी आणि नायगारामधली उडी, दोन्ही एकाच माणसाच्या. दोन्हींत धाडस तेच, ताकद तीच. मग फरक कुठे? पहिल्या वेळी पाण्यातून एक बुडणारा माणूस हाक मारत होता. दुसऱ्या वेळी पाण्यात कोणीही नव्हते. त्यांना हाक मारणारी माणसे पाण्याबाहेर होती. एक पत्नी आणि दोन लेकरे. त्यांना किती पैसे हवे होते हे आपल्याला सांगता येणार नाही, पण त्यांना बाबा हवे होते, एवढे नक्की सांगता येईल.

मत्तयच्या शुभवर्तमानातील तो प्रसंग आठवा (१४:२२-३३). रात्रीची वेळ, वादळ, आणि प्रभू पाण्यावरून चालत येत आहे. पेत्र उतावळा खरा, पण त्या रात्री त्याने होडीतून एकदम उडी टाकली नाही. त्याने आधी प्रभूला विचारले. प्रभूने बोलावले, तेव्हाच त्याने पाय बाहेर टाकला. आणि तो बुडू लागला, तेव्हा त्याने ओरडून मदत मागितली. त्याला मदत मागण्याची लाज वाटली नाही, म्हणून तो वाचला.

त्याच शुभवर्तमानात आणखी एक उडी आहे, जी प्रभूने मारली नाही (४:५-७). सैतानाने त्याला मंदिराच्या शिखरावर नेऊन खाली उडी टाकायला सांगितले. देवदूत झेलतील, लोक पाहतील, असा तो मोह होता. प्रभूने नकार दिला. देवाची परीक्षा पाहायची नाही, असे त्याने ठामपणे सांगितले. हाच प्रभू पुढे कालवारीवर स्वतःचा जीव देतो. म्हणजे जीव द्यायला तो घाबरत नव्हता. पण जीव कोणासाठी द्यायचा आणि कशासाठी द्यायचा नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते.

आपापला नायगारा

बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी कोणी नायगारात उडी मारणार नाही. पण आपापल्या नायगारात उतरलेले अनेक बाप आपल्या धर्मग्रामात आहेत.

पहाटेची लोकल पकडणारा आणि रात्री मुले झोपल्यावर परतणारा बाप आहे. आखातात जाऊन वर्षामागून वर्षे काढणारा आणि 'एवढे घर बांधून झाले की येतो' म्हणणारा बाप आहे. मुलीच्या लग्नासाठी कर्ज काढून ते पत्नीपासून लपवणारा आहे. छातीत दुखते हे कोणाला न सांगता ओव्हरटाइम करणारा आहे. काही बोलायला जावे तर प्रत्येकाचे उत्तर एकच, "तुमच्यासाठीच तर करतो ना सगळं!" आणि तो खोटे बोलत नसतो.

आम्ही धर्मगुरूही यातून सुटत नाही. सणाची वर्गणी, हॉलचे बांधकाम, संस्थांच्या सभा यांसाठी आम्ही काही सज्जन माणसांना हक्काने बोलावतो. ती माणसे रोज संध्याकाळी चर्चच्या आवारात असतात. घरी त्यांची मुले कोणाबरोबर अभ्यासाला बसतात, हे आम्ही क्वचितच विचारतो. याची आम्ही कबुली देतो.

दोष एकट्या बापाचाही नाही. नायगाराच्या काठावर पाहणाऱ्यांची गर्दी होती. पाहायला कोणी नसते, तर ती उडी झाली असती का? आपणही अशी गर्दी करतो. शेजारच्या लग्नात एवढी माणसे जेवली, एवढा मोठा बँड होता, मग आपल्याकडे कमी कसे करायचे? मुलाच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाचा कार्यक्रम लग्नासारखा व्हावा, अशी आपली अपेक्षा असते. आपण तोंडाने काही बोलत नाही, पण आपल्या नजरा त्या माणसाला पाण्यात ढकलतात.

कोणी म्हणेल, फादर, बोलायला सोपे आहे. घरचे हप्ते कोण भरणार? हा प्रश्न खरा आहे. जहाजावर जाऊ नका, रात्रपाळी करू नका, असे आम्ही म्हणत नाही. घर चालवण्यासाठी दूर राहणे ही तपश्चर्या आहे आणि देव ती पाहतो. दूर असलेला बाप रोज फोनवर लेकराची विचारपूस करून घरात हजर राहू शकतो, आणि जवळ असलेला बाप शेजारच्या खोलीत असूनही हरवलेला असू शकतो. प्रश्न अंतराचा नाही. आपण ज्यांच्यासाठी पोहतो, त्यांचा आवाज आपल्या कानांवर पोहोचतो का, हा प्रश्न आहे.

दोन पारव्यांचे अर्पण

संत योसेफाकडे पाहा. बाळ येशूला मंदिरात नेले, तेव्हा त्या दांपत्याने गरिबांसाठी ठरवून दिलेले अर्पण वाहिले, पक्ष्यांची एक जोडी (लूक २:२४). कोकरू वाहण्याइतकी ऐपत नव्हती. योसेफाने कर्ज काढून कोकरू आणले नाही. लोक काय म्हणतील याचा विचार केला नाही. पण हेरोदाची तलवार बाळावर येणार असे कळले, तेव्हा त्याच रात्री उठून तो बाळाला आणि आईला घेऊन परदेशी निघाला. जिथे धाडस हवे होते तिथे त्याने ते दाखवले. शुभवर्तमानात योसेफाचा एकही शब्द नोंदवलेला नाही. तो तिथे होता, एवढेच आपल्याला दिसते. येशूला 'बाप' हा शब्द देवासाठी इतक्या सहज वापरता आला, त्यामागे नाझरेथच्या त्या सुताराच्या घरातली माया नसेल का?

या आठवड्यासाठी

या रविवारी घरी गेल्यावर तीन गोष्टी करू या.

पहिली, घरातल्या कर्त्या माणसाने आपल्या मनावरचे एक ओझे पत्नीला किंवा मोठ्या मुलाला सांगावे. कर्ज असेल, दुखणे असेल, नोकरीची भीती असेल. १२ ऑगस्टला होडीत परत आलेले वेब हरले नव्हते. त्या माघारीमुळेच २४ ऑगस्टचा दिवस उजाडला. परत येणे हा पराभव नसतो.

दुसरी, घरच्यांनी त्याला सांगावे की आम्हाला यापेक्षा कमी चालेल. हे वाक्य ऐकण्यासाठी अनेक बाप आयुष्यभर थांबलेले असतात.

तिसरी, तरुणांसाठी. पाण्याची आवड ही देवाची देणगी आहे. पोहायला जरूर शिका, चांगले शिका. पण पावसाळ्यात समुद्राशी पैज लावू नका. ज्या दिवसांत आपले कोळी बांधव होडी बाहेर काढत नाहीत, त्या दिवसांत आपणही किनाऱ्यावर थांबावे. जन्मभर पाण्यावर जगणारी ही माणसे पाण्याला ओळखतात. त्यांचे ऐकण्यात भित्रेपणा नाही.

वेब यांच्या जन्मगावी, डॉलीमध्ये, त्यांच्या भावाने १९०९ साली एका स्मारकाचे अनावरण केले. मोठे असे काहीही सोपे नसते, अशा अर्थाचे शब्द त्यावर कोरलेले आहेत. ते खरे आहे. पण रोज संध्याकाळी वेळेवर घरी येणे, लेकराला मांडीवर घेणे, पत्नीचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेणे, हेही सोपे नसते. त्याचे स्मारक कोणी उभारत नाही. ते मुलांच्या मनात उभे राहते.

प्रार्थना

हे दयाळू देवा, समुद्र तुझा आहे आणि किनाराही तुझाच आहे. पाण्यात प्राण गमावलेल्या आमच्या सर्व भावा-बहिणींना तुझ्या शांतीत विसावा दे. कप्तान मॅथ्यू यांचीही आज आम्ही तुझ्यापाशी आठवण करतो. दूर समुद्रावर आणि परदेशात राबणाऱ्या बापांचे तू रक्षण कर आणि त्यांना सुखरूप घरी आण. आमच्या घरातल्या कर्त्या माणसांना मदत मागण्याचे धैर्य दे आणि आम्हाला त्यांचे ओझे ओळखण्याची दृष्टी दे. आम्ही बुडू लागलो की पेत्रासारखी आम्हालाही तुझी आठवण होऊ दे. तुझा हात आमच्यापर्यंत पोहोचेल, हा विश्वास आमच्या मनात टिकून राहो. हे मागणे आम्ही आमचा प्रभू येशू ख्रिस्त ह्याच्याद्वारे करतो. आमेन.